निम्मे काम, पुरे घर

पैसा कशासाठी मिळवायचा? घरासाठी. मुलांसाठी. म्हातारपणासाठी. यात चूक काही नाही. पण पैसा मिळवता मिळवता घरच पाहायचे राहून गेले, तर मिळवलेला पैसा कोणासाठी? हा प्रश्न आज अनेक घरांत उभा आहे. या धड्यात आपण त्याचा विचार करू, आणि हिशेबही करू.

आपला मावळ तालुका पाहा. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ अशी त्याची तीन खोरी. पाऊस भरपूर, भात हे मुख्य पीक. पण भातावर वर्षभर घर चालत नाही. म्हणून मावळातला माणूस पूर्वीपासून बाहेर पडला. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे धावू लागली. मुंबई जवळ आली. कोणी गिरणीत गेला, कोणी हमाल झाला. मुंबईचे डबेवाले तर मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर याच भागातले. सुमारे १८९० सालापासून त्यांनी लोकांच्या घरचे जेवण लोकांना वेळेवर पोचवले. पण त्यांतल्या कितीएकांचे स्वतःचे घर मात्र गावी. दुसऱ्याच्या बायकोने भरलेला डबा रोज हातात, आणि आपल्या घरचे जेवण सणावाराला! म्हणूनच चैत्रात गावची जत्रा आली, की डबेवाले काम बंद ठेवून गावी येतात. मजुरी बुडते, पण जत्रा चुकवत नाहीत. त्यांना ठाऊक आहे, की माणसे भेटली नाहीत तर घर घर राहत नाही.

पुढे १९७८ साली पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली. तळेगाव, चाकणकडे कारखाने आले. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला. लोणावळ्यात हॉटेले वाढली, बंगले वाढले, चिक्कीची दुकाने वाढली. काम घराजवळ आले. पण माणूस घरी आला का? पुष्कळदा नाही. पहाटे निघतो, रात्री येतो. पोरे उठायच्या आत बाप गेलेला, आणि बाप यायच्या आत पोरे निजलेली. एका छपराखाली राहून भेट नाही.

विसाव्यासाठी कामगार भांडला

कोणी म्हणेल, “विसावा ही श्रीमंतांची चैन. आमचं हातावर पोट.” हे म्हणणे अर्धे खरे आहे. पण आपल्याकडच्या कष्टकऱ्यांनीच विसावा मागून घेतला, हेही खरे आहे.

मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांना एकत्र केले व रविवारची सुट्टी मागितली. सहा वर्षे ते झटले. शेवटी १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी सुट्टी कबूल केली. पुढे १९४८ साली कारखान्यांचा कायदा झाला. त्याने आठवड्याच्या कामाला ४८ तासांची मर्यादा घातली. ज्या वेळेसाठी आपले पणजोबा भांडले, तो वेळ आपण सहज विकून टाकावा का? निदान विकण्याआधी त्याची किंमत तरी कळावी.

अर्धी निवृत्ती म्हणजे काय?

निवृत्ती म्हणजे काम सोडणे. अर्धी निवृत्ती म्हणजे काम कमी करणे. सहा दिवसांच्या जागी तीन दिवस जाणे, किंवा दुसरी पाळी न करणे, किंवा लांबची नोकरी सोडून जवळची लहान नोकरी धरणे. उरलेला वेळ शेत, जनावरे, मुले, आईबाप यांना देणे. हे आळसाचे नाव नव्हे. घरीही काम असतेच. पण ते आपल्या माणसांत बसून केलेले काम असते.

एक गोष्ट मात्र ध्यानात धरा. आपण होऊन घरी येणे वेगळे आणि काम गेल्यामुळे घरी येणे वेगळे. १९८२ साली मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला. हजारो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. कितीतरी जण गावी परतले. त्यांच्या गाठी पैसा नव्हता, मनाची तयारी नव्हती. ती निवृत्ती नव्हती, तो आघात होता. म्हणून काम कमी करायचे तर तयारीने करावे.

एका घरचा हिशेब

समजा, नाणे मावळातला एक गडी आहे. वय ५१. लोणावळ्यात हॉटेलात कामाला. पगार २२,००० रुपये. थोरला मुलगा नुकता कमावू लागला आहे. मुलगी दहावीत आहे. दोन एकर भातशेती आहे. एके रात्री नवराबायको हिशेबाला बसतात.

“महिन्याला बावीस हजार येतात,” तो म्हणतो. “ते सोडायचे म्हणजे काय खेळ आहे?”

“अहो, येतात बावीस, पण घरात किती पोचतात ते मांडा की!” ती म्हणते.

मग ते मांडतात. जाण्यायेण्याचा खर्च, बाहेरचे जेवण, चहा, तंबाखू मिळून ४,५०० रुपये. तो घरी नसतो म्हणून लावणी-कापणीला मजूर लावावे लागतात. त्याचे वर्षाला २४,०००, म्हणजे महिन्याला २,०००. दोन्ही वजा केले, की उरतात १५,५०० रुपये. घरखर्च १२,५००. शिल्लक ३,०००.

आता तीनच दिवस काम केले तर? मालक शुक्रवार, शनिवार, रविवार बोलावतो व १२,००० द्यायला तयार आहे. तो खूश होतो. पण ती थांबवते.

“शनिवार-रविवार तुम्ही तिकडे, आणि पोरीची शाळा सुटलेली. मग तुम्ही घरी राहून भेटणार कुणाला? म्हशीला?”

लोणावळ्याची हीच अडचण आहे. इतरांच्या सुट्टीच्या दिवशी तिथे कामाची गर्दी. मग तो मालकाशी बोलून गुरुवार, शुक्रवार, शनिवार ठरवतो. मालक ११,००० कबूल करतो. जाण्यायेण्याचा खर्च २,०००. शेतीला मजूर नको. घरचे हात आणि इर्जिक यांवर काम निभेल. दोन म्हशींच्या दुधातून पेंड-चारा वजा जाता ३,५०० मिळतील. म्हणजे ११,००० वजा २,०००, अधिक ३,५००. बेरीज १२,५००. नेमका घरखर्च! शिल्लक शून्य.

“बावीस हजार गेले असं वाटत होतं,” तो म्हणतो. “खरे गेले तीनच हजार.”

“पण दुखणंबाणं आलं तर?” ती विचारते.

प्रश्न बरोबर आहे. म्हणून आधी गाठीला पैसा हवा. सहा महिन्यांचा खर्च म्हणजे ७५,००० रुपये. महिन्याला ३,००० शिल्लक टाकली, तर २५ महिने लागतील.

ती बोटे मोजते. “दोन वर्षांनी पोरगी बारावी होऊन बाहेरगावी शिकायला जाईल. मग तुम्ही घरी बसून दारच राखा.”

तो गप्प होतो. पैसा थांबतो, पण पोरीचे वय थांबत नाही. शेवटी ते मध्यम मार्ग काढतात. तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे ३७,५०० रुपये साठवायचे. त्याला १३ महिने पुरतील. मुलगा दरमहा २,००० देईल. ते खर्च न करता बँकेत टाकायचे. नवे कर्ज काढायचे नाही. आणि तंबाखू आजपासून बंद!

“आणखी एक,” ती म्हणते. “तुम्ही घरी आलात म्हणजे माझं काम वाढता कामा नये. धारा तुम्ही काढायच्या.”

हेही हिशेबातच धरावे. बाईला निवृत्ती कोणी देत नाही. पुरुषाने वेळ वाचवला, तर त्यातला वाटा तिलाही मिळाला पाहिजे.

चार गोष्टी तपासा

पहिली गोष्ट, कर्ज. व्याज चालू असताना कमाई कमी करू नये. ज्याच्या घरी रोजच्या चुलीची भ्रांत आहे, त्याला हा धडा काम कमी कर असे सांगत नाही. त्याने आधी रोजी वाढवावी, देणे फेडावे.

दुसरी, ग्रॅच्युइटी. १९७२ साली याचा कायदा झाला. कायम नोकराने सलग पाच वर्षे नोकरी केली, की सोडताना दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार मिळतो. दिवसाचा पगार काढताना महिना २६ दिवसांचा धरतात. ग्रॅच्युइटीसाठी धरायचा पगार २६,००० असेल, तर दिवसाचे १,०००. वर्षामागे १५,०००. वीस वर्षांचे तीन लाख रुपये. तुमच्या जागेला ग्रॅच्युइटी लागू आहे का, ते विचारून घ्या.

तिसरी, फंडातली पेन्शन. ती ५८ व्या वर्षी पुरी मिळते. दहा वर्षे नोकरी झाली असेल, तर नोकरी सोडल्यावर ती ५० वर्षांनंतरही घेता येते. पण दर वर्षामागे शेकडा ४ प्रमाणे घटते. ६,००० ची पेन्शन एक वर्ष आधी घेतली, तर ५,७६० होते, आणि जन्मभर तितकीच कमी राहते. म्हणून घाईने सही करू नका.

चौथी, जमीन. रस्त्याकडेची, डोंगराकडेची जमीन विकून घरी बसणे ही निवृत्ती नव्हे. रक्कम मोठी दिसते, पण गाडी, लग्न, बांधकाम यांत संपते. मग ज्या बांधावर आपण मालक होतो, तिथल्या बंगल्याची राखण करायची वेळ येते. अर्धी कमाई सोडली तरी जमीन आधार देते. जमीन सोडली तर काय आधार देणार?

वेळ मिळाल्यावर काय करावे?

घरी राहून दिवसभर मोबाईल पाहिला, तर नोकरी काय वाईट होती? मुलीचे पुस्तक हातात घ्या. तिच्याकडून एक पान वाचून घ्या, एक पान तुम्ही वाचा. म्हाताऱ्या आईजवळ बसा. आषाढात सगळ्यांनी मिळून लावणी करा. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला इंद्रायणी तांदूळ आज दूरदूर जातो. तो आपल्या खाचरात कसा पिकतो, ते आपल्या मुलांना आपणच दाखवावे.

पैसा पुन्हा मिळवता येतो. गेलेले बालपण कोणत्याही बाजारात मिळत नाही. म्हणून अंथरूण पाहून पाय पसरावेत हे तर खरेच. पण त्या अंथरुणावर आपली माणसेही असावीत.

प्रश्न

१. रविवारची सुट्टी कामगारांना कोणत्या साली मिळाली? त्यासाठी कोण झटले?

२. धड्यातल्या घराची खरी घट २२,००० नसून ३,००० आहे, ती कशी?

३. बायकोने शनिवार-रविवारच्या कामाला का हरकत घेतली?

४. आपल्या घरची महिन्याची जमा व खर्च वहीत लिहा. कामावर जाण्यासाठी किती खर्च होतो, तो निराळा मांडा. हिशेब घरातल्या सर्वांसमोर वाचा.