शीघ्र उपाय आणि नित्याच्या सवयी

अन्न एकाएकी तोडल्यास आठवडाभरातच वजन उतरते आणि उपाय लागू पडला, असा समज होतो. वस्तुतः ही प्रारंभीची घट बव्हंशी पाण्याची असते. यकृतात व स्नायूंत साठविलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. साठा खर्ची पडला की तेही शरीराबाहेर जाते. पूर्ववत आहार सुरू होताच दोन्ही परत येतात. चरबी मात्र सावकाशच झडते.

याउलट, नित्य पाळलेल्या लहान बदलांचे फळ कसे मिळते, हे चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून दिसते. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींचे त्यांनी सुमारे तीन वर्षे निरीक्षण केले. केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या गटात ५५ टक्के लोकांना मधुमेह जडला. रोज किमान अर्धा तास भरभर चालावे, साखर व स्निग्ध पदार्थ कमी करावेत, असे ज्यांना वारंवार समजावले, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ३९ टक्के राहिले. विशेष हे की, त्यांचे वजन फारसे घटले नव्हते.

तेव्हा वजनकाट्याचा आकडा हा आरोग्याचा एकमेव साक्षीदार मानू नये. दहा वर्षांनंतरही जी सहज पाळता येईल, तीच सवय अंगीकारावी.