भावाभावांची गट्टी विकत मिळत नाही

पालकहो, घरात थोरला दहावी-अकरावीत आणि धाकटा सहावी-सातवीत असेल, आणि दोघांचं अजिबात पटत नसेल, तर या सुट्टीत सगळ्यांनी मिळून एक चित्रपट जरूर पाहा : ‘डायरी ऑफ अ विम्पी किड : रॉड्रिक रूल्स’. जेफ किनी यांच्या पुस्तकांवर बेतलेला, २०११ सालचा. अमेरिकेतल्या हेफ्ली कुटुंबाची ही गोष्ट पाहून मुलं पोट धरून हसतील. तुम्ही मात्र त्या घरातल्या आईकडे, सूझनकडे, नीट लक्ष द्या.

सातवीतला ग्रेग आणि थोरला रॉड्रिक यांची भर चर्चमध्ये जुंपते, तेव्हा सूझन एक योजना काढते. न भांडता एकत्र वेळ घालवला की ‘मॉम बक्स’ नावाच्या नोटा मिळणार आणि त्या देऊन आईकडून खरे पैसे घ्यायचे. तिची तळमळ खरी आहे. आपणही ‘आज भांडला नाहीत तर पिझ्झा मागवू’ असं म्हणतोच. मुलं गप्प बसतातही, पण ती पिझ्झ्यासाठी. भावाशी नीट वागायचं ते काहीतरी मिळतं म्हणून, हे मात्र त्यांच्या मनात पक्कं बसतं.

मग हे दोघं जवळ येतात कधी? आईबाबा गावाला गेल्यावर रॉड्रिक घरी पार्टी करतो आणि तिचा मागमूस पुसायला दोघांनाही हात लावावा लागतो. बाथरूमचं खराब झालेलं दारसुद्धा ते बदलतात! गुपित सांभाळता सांभाळता गट्टी जमते. रॉड्रिक ग्रेगला कामं टाळायच्या आपल्या खास युक्त्या शिकवू लागतो. युक्त्या वाईटच, पण धाकट्याला द्यायला आपल्याकडेही काही आहे, हे थोरल्याला पहिल्यांदाच जाणवतं. वर्गात मागे पडणाऱ्या, घरात सतत बोलणी खाणाऱ्या मुलाला ही जाणीव फार मोलाची असते.

खोटं उघडकीला येतं. रॉड्रिकच्या बँडला टॅलेंट शोमध्ये वाजवायला बंदी होते. सूझन इथे चुकत नाही. मुलांची दोस्ती झाली म्हणून खोटं खपवून घ्यायचं नसतं. पण पुढे ग्रेग जे करतो, त्यासाठी हा चित्रपट पाहावा. त्याच शोमधल्या मित्राच्या जादूच्या प्रयोगात उभं राहायची त्याला लाज वाटत असते. पण ‘रॉड्रिकला वाजवू दे, मी त्या प्रयोगात उभा राहतो’ असं आईला सांगून, भावासाठी तो त्यालाच तयार होतो. त्याबद्दल त्याला एकही नोट मिळत नाही.

म्हणून कळकळीने सांगावंसं वाटतं, प्रत्येक भांडणात न्यायाधीश होऊन बसू नका. ‘दादाकडे बघ, तो कसा शहाणा’ हे वाक्य घरातून कायमचं हद्दपार करा. सायकलची उतरलेली चेन बसवणं, ऑम्लेट करणं, तबल्याचा एखादा बोल, थोरल्याला जे येतं ते त्याला धाकट्याला शिकवू द्या, आणि शिकवताना तुम्ही तिथे उभे राहू नका. धाकट्यालाही थोरल्याच्या उपयोगी पडायची संधी द्या. वेळ लागेल, मध्ये पुन्हा भांडणंही होतील. पण एकमेकांसाठी काही केलेलं मुलं विसरत नाहीत, आणि उद्या आपण नसताना त्यांना एकमेकांचाच आधार असणार आहे.