कमिटीवर निवडून आलेल्या भाच्यास

शिरूर

चि. बाळास,



पास्टोरेट कमिटीवर तुझी निवड झाल्याचं दादाने फोनवर सांगितलं. आनंद झाला. तू पाठवलेला वर्षाचा बेतही वाचला. कंपाउंडची भिंत वाढवायची, गेटवर कमान उभारायची, नवी साउंड सिस्टिम घ्यायची आणि जानेवारीत तीन दिवस उज्जीवन सभा भरवायची. माझं मत विचारलं आहेस, म्हणून लिहिते. भिंत बांधण्याआधी जागेचा सातबारा आणि सिटी सर्व्हेचा उतारा नीट तपासून घे. चर्चच्या जमिनींवर किती जणांचा डोळा असतो, ते तुला सांगायला नको. कमान पुढच्या वर्षावर टाक. सभा भरव, हरकत नाही. पण या सगळ्या बेतात तुमच्या चर्चभोवतीचं दौंड गाव कुठे आहे, ते मला सापडलं नाही.

शिरूर आणि दौंड या आपल्या दोन तालुक्यांत मंडळीला गावात जागा मिळाली ती कशामुळे, हे तुला माहीत असायला हवं. अमेरिकन मराठी मिशनने शिरूरला ठाणं केलं ते 1841 साली. तेव्हा हे घोडनदीकाठचं लष्करी ठाणं होतं. उपदेश करणारे आले, शाळा निघाल्या. पण माणसांच्या हाताला काम मिळालं ते पुढे, विन्सर या मिशनरी दांपत्याच्या काळात. त्यांच्या उद्योगशाळेला सर दिनशा माणेकजी पेटिट यांचं नाव होतं. म्हणजे शाळा मिशनची आणि नाव मुंबईच्या पारशी दात्याचं! बांधाबांधावर वाढणाऱ्या घायपातीचा वाख काढायला तिथे शिकवत. ज्यांना गावकीच्या कामाशिवाय दुसरं काम कुणी देत नव्हतं, त्यांच्या मुलांच्या हाती कसब आलं. आपल्या पणजोबांच्या पिढीला विश्वास आणि पोटापाण्याची विद्या एकाच आवारात मिळाली. त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

शिरूरचीच आणखी एक गोष्ट आहे, आपले काही पाळक ती ऐकताना अवघडून बसतात. इथे कर्नल वॉलेस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. तो वारला 1809 मध्ये, म्हणजे मिशन यायच्या तीस-बत्तीस वर्षं आधी. तो मिशनरी नव्हता, त्याने कुणाला बाप्तिस्मा दिला नाही, की कुणाला पुस्तक वाटलं नाही. तरी आसपासचे हिंदू शेतकरी त्याला सत्पुरुष म्हणू लागले आणि सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीवर ठेवू लागले. कबरीला नैवेद्य दाखवणं आपल्या शिकवणीत बसत नाही, हे मीही जाणते. पण परक्या धर्माचा, परक्या देशाचा, त्यातून सत्ता गाजवणाऱ्या फौजेतला माणूस, आणि शेतकऱ्याने पहिलं कणीस त्याच्यापुढे ठेवावं? लोक आपल्याकडे काय बघून येतात, याचा विचार कमिटीने एकदा बसून जरूर करावा.

आता तुझ्या तालुक्याकडे वळते. केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात, तू लहानपणी सहलीला गेला होतास. रमाबाईंचे आईवडील 1870 च्या दशकातल्या दुष्काळात अन्नावाचून गेले होते. म्हणून 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं ऐकल्यावर बाई स्वतः तिकडे गेल्या आणि टाकलेल्या, उपाशी मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ सुरू होती, तिथे त्यांना ठेवणं कठीण. त्यांना केडगावच्या माळावर आणलं. तेच मुक्ती सदन. 1900 च्या दुष्काळानंतर तिथली माणसं दीड-दोन हजारांच्या घरात गेली होती. एवढ्यांना नुसतं जेवू घालणं म्हणजे केवढा उद्योग! पण बाईंनी विणकाम, तेलाची घाणी, शेती, गुरं, छापखाना सगळं उभं केलं. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं. समाजाने वाळीत टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन काढलं.

उज्जीवन सभेत वक्ते 1905 साली मुक्तीत झालेल्या जागृतीबद्दल बोलतात, मुली रात्र रात्र प्रार्थना करत ते रंगवून सांगतात. त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्याच मुली सकाळी उठून छापखान्यात खिळे जुळवत, माग चालवत, हे कुणी सांगत नाही. बाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणलं. ते काम हातावेगळं करून 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, आणि 1924 मध्ये ते बायबल प्रसिद्ध झालं. छापलं कुणी, तर त्याच बायकांनी. जानेवारीतल्या वक्त्याला आधी चिठ्ठी पाठवून हेही सांगायची विनंती कर. ऐकतीलच असं नाही.

रमाबाईंच्याच आयुष्यातली दुसरी बाजूही तुला ठाऊक हवी. विधवांसाठी बाईंनी काढलेलं शारदा सदन मुंबईत 1889 ला निघालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं. तिथल्या विधवा मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून 1893 मध्ये पुण्यात वादळ उठलं. केसरीने झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारख्या मित्रांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. मी प्रार्थना दार लावून करणार नाही, हे बाईंचं म्हणणं मला आजही पटतं. तरी पालकांचा धसका खोटा होता, असं मी म्हणणार नाही. विधवा मुलीला दुसरा आसरा नव्हता, आणि आसरा देणाऱ्याच्या हाती फार मोठी सत्ता असते.

हे लिहिते ते एका कामासाठी. तुमचा हॉल रविवार सोडून सहा दिवस बंद असतो. तुमच्याकडे ऊसतोडीचा हंगाम चार-पाच महिने चालतो, मजुरांच्या कोपींतली मुलं शाळेपासून तुटतात. कुरकुंभच्या एमआयडीसीत कामाला आलेल्यांची मुलं आहेत, रेल्वेच्या चाळींतली आहेत. संध्याकाळी दोन तास दिवे, सतरंजी आणि शिकवायला दोन माणसं एवढंच लागतं. तरुण संघात बी.एड. झालेली मुलं रिकामी बसली आहेत, त्यांना थोडं मानधन द्या. साउंड सिस्टिमच्या पैशांत वर्ष सहज निघेल. मात्र पहिल्याच दिवशी आईबापांना बोलावून सांगायचं की इथे अभ्यास होईल, प्रार्थनेला बसण्याची अट नाही, नाव बदलायची तर नाहीच नाही. कुणी आपणहून विश्वासाबद्दल विचारलं तर मोकळेपणाने, न लाजता सांग. पण वही-पेन्सिलीच्या बदल्यात नको. कुणी तक्रार घेऊन आलं, तर सरपंचाला, नगरसेवकाला, पोलिसांना वर्गातच चहाला बोलाव.

घरातलंही थोडं. आपली बहुतेक कुळं महार-मांग समाजातून आली, हे उघड गुपित आहे. राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशाने आपल्याला अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळलं. शीख आणि बौद्धांना ते दार पुढे उघडलं, आपल्याला नाही. त्याबद्दल बोलायला हवंच. पण मंडळीतल्या मंडळीत सोयरीक जुळवताना जुनं कूळ विचारलं जातं, तेव्हा तू काय म्हणणार? कमिटीच्या निवडणुकीत पॅनेल कशावर पडतात, ते तू पाहिलं आहेस. प्रभुभोजनाच्या मेजावर सगळे सारखे, आणि दुपारी लग्नाच्या बोलणीत पुन्हा महारवाडा-मांगवाडा! याविरुद्ध उघड बोलशील तर शत्रू होतील. तरी बोल.

कापणीच्या सणाला लिलावाचे पैसे येतील, तेव्हा जमा-खर्च त्याच दिवशी फळ्यावर लाव. खजिनदार कितीही भला असो, चेकवर दोघांच्या सह्या असू देत. महिला मंडळ दर महिन्याला मूठ काढून धान्य जमवतं, त्याचा हिशेब बायकांकडेच राहू दे. पुरुषांनी त्यात हात घालू नये, माझा अनुभव वाईट आहे.

सभेच्या आधीच्या आठवड्यात मी येईन. न्हावऱ्यावरून चौफुल्यापर्यंत एसटी आहे, तिथे मोटारसायकल घेऊन ये. संध्याकाळचा वर्ग सुरू झाला असेल, तर दोन दिवस गणित मी घेईन. वहिनीला सांग, गूळ तुमच्याकडचाच हवा, दोन ढेपा.

तुझी,
आत्या