शौचावाटे रक्त : प्रत्येक वेळी मूळव्याध नव्हे

कापूस वेचणीच्या दिवसांत पंचवीस-तीस वर्षांच्या एखाद्या तरुणाला शौचावाटे रक्त पडू लागते. घरची वडील मंडळी म्हणतात, उष्णता झाली, ताक पी. रक्त थांबत नाही तेव्हा मूळव्याधीची पुडी आणली जाते. पुढे दिवसातून पाच-सहा वेळा जावे लागते, रक्ताबरोबर शेंबडासारखी आव पडते, रात्री झोपेतून उठून धावावे लागते. मग औषधाच्या दुकानातून आवेच्या गोळ्या येतात. चार दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. यात सहज वर्ष निघून जाते. अशा रुग्णांपैकी काहींना अल्सरेटिव्ह कोलायटिस असतो, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन तेथे जखमा होण्याचा विकार.

अल्सर म्हटले की आपल्याकडे जठरातला, आम्लपित्ताचा अल्सर डोळ्यांपुढे येतो. त्याचा याच्याशी संबंध नाही.

लंडनच्या सॅम्युअल विल्क्स या डॉक्टरांनी १८५९ साली या आजाराचे वर्णन केले. पुष्कळ काळ तो गोऱ्या, सधन देशांचा आजार समजला जाई. पण १९९९ मध्ये पंजाबात लुधियानाच्या डॉक्टरांनी घरोघर पाहणी केली, तेव्हा लाख लोकांत सुमारे ४४ रुग्ण आढळले. तेव्हा 'आपल्याकडे असले आजार नसतात' ही समजूत सोडलेली बरी.

आता कारण. मोठ्या आतड्यात असंख्य जंतू कायमचे वस्तीला असतात. शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांना शेजारी म्हणून ओळखते व सहसा त्यांच्या वाटेला जात नाही. या आजारात तिची ओळख चुकते. शेताच्या राखणदाराने घरच्याच गुरांवर काठी चालवावी तसे होते, आणि मार बसतो तो आतड्याच्या अस्तराला. ही चूक का होते, याला एकच उत्तर नाही. आईवडील किंवा भावंडांत आजार असेल तर शक्यता वाढते. तरीही बहुतेक रुग्णांच्या घरात दुसऱ्या कोणाला तो नसतो. इंग्लंडातील लेस्टर येथे स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांत हा आजार तिथल्या गोऱ्या लोकांपेक्षाही अधिक आढळला. म्हणजे रक्तातला कल आणि बदललेले राहणीमान, आहार, आतड्यातील जंतूंची बदललेली वस्ती, हे सारे मिळून तो उद्भवतो असे मानले जाते. जुलाबाच्या एखाद्या साथीनंतर पहिला झटका येऊ शकतो. अंगदुखीसाठी वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी दबलेला आजार उसळू शकतो; शेतात राबणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. ठेचा किंवा तर्री खाल्ल्याने मात्र हा आजार होत नाही. जुलाब सुरू असताना तिखट सोसत नाही, इतकेच. मानसिक ताणानेही त्रास वाढतो, पण ताण हे मूळ कारण नव्हे. आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा रुग्णाचे ताट वेगळे काढू नये.

आजाराची सुरुवात जवळजवळ नेहमी गुदाशयात होते व तो तेथून वर सरकतो, मध्ये चांगला भाग न सोडता. काहींत तो शेवटच्या वीतभर भागातच राहतो, काहींत संपूर्ण मोठे आतडे व्यापतो. सुजलेले गुदाशय थोडाही मळ धरून ठेवू शकत नाही, म्हणून सारखी घाई होते आणि गेल्यावर नुसते रक्त व आव पडते. रक्त कमी होते, वजन उतरते. काहींचे सांधे सुजतात, डोळे लाल होतात. अधूनमधून आजार महिनोन्महिने झोपतो, आणि रुग्णाला वाटते, सुटलो.

दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्ताचे जुलाब, सोबत ताप आणि नाडी नव्वदच्या वर, असे झाल्यास घरी थांबू नये. आतडे फुगून फुटण्याचा धोका असतो.

निदानासाठी आधी शौचाची तपासणी हवी. आपल्याकडे अमिबाची आव आणि आतड्याचा क्षय दोन्ही आहेत, आणि ते असताना कोलायटिस समजून स्टिरॉइड दिले तर अनर्थ होतो. खात्री होते ती दुर्बिणीने आतडे पाहून व तुकडा तपासून. घाटंजीकरांना यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे; गरज पडल्यास तेथून नागपूरला जाता येते.

मुख्य औषध मेसालामाइन. उसळी मोठी असेल तर काही आठवडे स्टिरॉइड, आणि तेही न जमल्यास नवी, महागडी औषधे किंवा शस्त्रक्रिया. रक्त थांबले की गोळ्या बंद करणारे रुग्ण पुष्कळ, आणि बहुतेक पुन्हा आजारी पडतात. जपानचे दिवंगत पंतप्रधान शिंझो आबे यांना किशोरवयापासून हा आजार होता. त्यापायी २००७ मध्ये त्यांनी पद सोडले, नव्या औषधाने आराम पडल्यावर २०१२ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले, आणि आजार उलटल्याने २०२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

आतड्याचा मोठा भाग व्यापला असेल तर आठ-दहा वर्षांनंतर आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून त्रास नसला तरी आठव्या वर्षापासून डॉक्टर सांगतील तेव्हा दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. पहिल्या तपासणीचा कागद आणि त्यावरची तारीख यासाठीच जपून ठेवायची असते.