राक्षसाची जखम भरते तेव्हा

पुण्यात मित्रमंडळींसाठी मी डंजन्स अँड ड्रॅगन्स चालवतो. आमच्या टेबलावर डीएम मी, म्हणजे गोष्ट मी सांगतो, राक्षस मी खेळवतो आणि नियमांचा निवाडाही मीच करतो. या सगळ्यात राक्षसाला हिट पॉइंट, म्हणजे जीव मोजायचे गुण, परत देणं ही सर्वांत नाजूक गोष्ट आहे. खेळाडूंनी फासे टाकून, मंत्र खर्चून ते काढलेले असतात. पुढचे आकडे 2014च्या पाचव्या आवृत्तीचे आहेत.

1. भरणारी जखम टेबलावर दिसू द्या. ट्रोलचे हिट पॉइंट 84, आणि स्वतःची प्रत्येक पाळी सुरू होताना त्याला 10 परत मिळतात. आग किंवा अ‍ॅसिड लागलं तर पुढच्या पाळीला ही सोय बंद. डीएमनं हे दहा गुण वहीत गुपचूप मिळवले, तर खेळाडूंना एवढंच कळतं की हा गडी काही केल्या पडत नाही. मी सांगतो, "कुऱ्हाडीनं फाटलेल्या खांद्याचं मांस सरसरत एकत्र येतंय. मशालीचा चटका बसला तिथं मात्र कातडी काळी पडून तशीच राहिलीय." मग कोणीतरी हमखास ओरडतं, "अरे, याची जखम बुजतेय! मशाल दे इकडे!" पेटत्या मशालीच्या फटक्यानं आगीचा फक्त 1 गुण जातो, पण ट्रोलची पुढची भरपाई अडवायला तेवढा पुरतो. पहिल्या पातळीच्या खेळाडूलाही हे जमतं, म्हणून हा राक्षस मला फार आवडतो. पोल अँडरसन यांच्या 'थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स' या कादंबरीतल्या ट्रोलवरून तो खेळात आला. तिथंही त्याच्यावर उतारा आगीचाच होता.

2. आधी कागदावर हिशेब करा. चौघं मिळून फेरीला 30 गुण काढत असतील, तर ट्रोल तीनऐवजी चार फेऱ्यांत आडवा होतो. जोर 15चाच असेल, तर सहा फेऱ्यांची लढाई पंधरा फेऱ्यांवर जाते! भरपाईचा आकडा तोच, पण दुबळ्या गटाची तो दमछाक करतो. शिवाय शून्यावर आलेला ट्रोलही पुढच्या पाळीला उठतो. त्यामुळे गटात आगीचा मंत्र कोणाकडे नसेल, तर मी गुहेच्या तोंडाशी तेलाच्या कुप्या किंवा विझत आलेली शेकोटी ठेवतोच. ही खैरात नव्हे. शोधेल त्याला सापडते.

3. शत्रूचा पुजारी उघड्यावर ठेवा. अ‍ॅकोलाइट या पुजाऱ्याचा 'क्युअर वूंड्स' मंत्र सरासरी साडेसहा गुण परत देतो, आणि अख्ख्या गॉब्लिनचे हिट पॉइंटच मुळात 7. म्हणजे जवळजवळ नवा गॉब्लिन उभा! पण या मंत्राला स्पर्श लागतो. पुजाऱ्याला खांबाआडून बाहेर येऊन जखमी सोबत्याच्या पाठीवर हात ठेवावा लागतो. तो क्षण मी घाईत उरकत नाही. हात कसा चमकला, गॉब्लिनचा श्वास कसा परतला, सगळं सांगतो. त्यानंतर टेबलावरचे सगळे बाण पुजाऱ्याकडे वळतात, आणि लढाईला डावपेच येतात. शून्यावर गेलेला साधा राक्षस मेला, असंच मी धरतो. त्याला उठवायचं असेल, तर मेला नाही, बेशुद्ध आहे, हे आधी सांगतो.

4. लढाई लवकर संपतेय म्हणून पडद्याआड हिट पॉइंट वाढवू नयेत. तो खेळाडूंचा विजय असतो. त्यांना तो घेऊ द्यावा.

5. विश्रांतीचा नियम दोन्ही बाजूंना लावा. आठ तासांच्या विश्रांतीनंतर खेळाडूंचे सगळे हिट पॉइंट परत येतात. तेवढा वेळ निवांत मिळाला, तर गुहेतल्या राक्षसाचेही येतात. मेलेले पहारेकरी परत येत नाहीत, फोडलेलं दार तसंच राहतं.

व्हॅम्पायरच्या बाबतीत तर घड्याळच लढतं. 1983च्या 'रेव्हनलॉफ्ट' या साहसात ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांनी उभा केलेला व्हॅम्पायर स्ट्राड आज या आवृत्तीत खेळवायचा, तरी हेच. ऊन किंवा वाहतं पाणी नसेल, तर शून्यावर आलेला व्हॅम्पायर धुकं होऊन निसटतो. दोन तासांत शवपेटी गाठली नाही, तर तो संपतो. गाठली, तर तासभर हालचाल न करता पडून राहतो, मग त्याला 1 हिट पॉइंट मिळतो. तिथून पुढे दर फेरीला 20, म्हणजे मिनिटभराच्या आत त्याचे सगळे 144 पुरे. खेळाडूंची छोटी विश्रांतीही किमान तासाभराची असते. धुकं दाराच्या फटीतून गेलं की मी ते कोणत्या दिशेला गेलं हे स्पष्ट सांगतो. जखमा बांधत बसायचं की तसंच शवपेटीमागे धावायचं, यावर टेबलावर वाद पेटतो. मी त्यात तोंड घालत नाही. कोणी विचारलंच, तर किती वेळ गेला तेवढं सांगतो.