मौखिक परंपरा आणि संगणकीय संग्रह : पासामाक्वॉडी ध्वनिमुद्रणांच्या निमित्ताने

मौखिक वाङ्मयाचे संकलन म्हणजे संहितेचे संकलन, असे आपल्याकडे दीर्घकाळ मानले गेले. गीत लिहून घेतले, कथा छापली, की परंपरा सुरक्षित झाली, ही समजूत अभ्यासकांत रूढ होती. ध्वनिमुद्रणाने तिला बळ दिले आणि आता संगणकीय साधनांमुळे संग्रहाच्या विस्ताराला जवळजवळ मर्यादाच उरलेली नाही. परंतु संग्रह वाढला म्हणजे परंपरा टिकली, असे म्हणता येईल काय? आणि या नव्या साधनांनी पूर्वीच्या साधनांहून वेगळे असे नेमके काय साधले? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात उत्तर अमेरिकेतील पासामाक्वॉडी या आदिवासी समाजाच्या गीतांच्या आधारे करावयाचा आहे.

पासामाक्वॉडी लोकांची वस्ती अमेरिकेच्या मेन राज्यात आणि लगतच्या कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात आहे. त्यांची भाषा अल्गॉन्कियन कुळातील असून आज ती सहजतेने बोलणारे थोडेच उरले आहेत. मार्च १८९० मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स हा संशोधक एडिसनचा फोनोग्राफ घेऊन मेनमधील कॅले या गावी आला. नोएल जोसेफ्स आणि पीटर सेलमोर यांच्याकडून त्याने गीते, कथा व शब्द मेणाच्या सिलिंडरवर मुद्रित केले. स्थानिक संशोधनासाठी केलेले हे अगदी आरंभीचे ध्वनिमुद्रण होय. एका सिलिंडरवर जेमतेम दोन-तीन मिनिटांचा मजकूर मावे. सर्पनृत्याचे गीत, देवघेवीच्या प्रसंगी म्हणावयाचे गीत असा ऐवज त्यांत होता. त्यांपैकी ३१ सिलिंडर आज उपलब्ध आहेत. ते प्रथम हार्वर्ड विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयात आणि पुढे अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये जाऊन पोहोचले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ध्वनी १८९० मध्येच ‘जतन’ झाला होता. तरीही ज्यांच्या पूर्वजांचा तो आवाज, त्यांना तो अनेक दशके ऐकावयास मिळाला नाही. १९८०च्या दशकात ध्वनिफितींवर उतरवलेल्या प्रती समाजाकडे परत आल्या. पण त्यांत खरखर इतकी होती की शब्द उमगणे कठीण होते. मूळ सिलिंडरवरून नव्या तंत्राने संगणकीय प्रती तयार झाल्या, तेव्हा समाजातील जाणकारांनी एकेक गीत पुनःपुन्हा ऐकून त्याचे शब्द लिहून काढले, अर्थ लावला आणि ती गीते पुन्हा गावयास व शिकवावयास आरंभ केला.

तथापि या प्रयत्नाचे खरे महत्त्व ध्वनीच्या शुद्धीकरणात नाही. २०१८ मध्ये ही मुद्रणे ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर खुली झाली, ती समाजाने निश्चित केलेल्या सूचना-चिन्हांसह. हे गीत कोणाचे आहे, ते शिक्षणासाठी वापरता येईल, ते विक्रीसाठी नाही, अशा आशयाच्या या सूचना पासामाक्वॉडी भाषेतच दिलेल्या आहेत. नोंदीतील गीतांना मूळ भाषेतील नावे मिळाली आणि अर्थनिर्णयही समाजाचा म्हणून नोंदला गेला. संग्राहकाने लिहिलेली पट्टी एकदा चिकटली की कायम, अशी मेणाच्या सिलिंडरची आणि छापील सूचीची अवस्था होती. संगणकीय नोंद मात्र दुरुस्त होऊ शकते. तिला नवा जाणकार नवी माहिती जोडू शकतो. आणि प्रत्येक नोंदीस तिचे स्वतंत्र नियम लावता येतात. नवलाई प्रत काढण्यात नाही, ती येथे आहे.

याच विचाराचे दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियातील टेनंट क्रीक येथील वारुमुंगू समाजाने घालून दिले. कोणते चित्र कोणी पाहावे, कोणते गीत कोणत्या कुटुंबाचे, कोणती गोष्ट केवळ स्त्रियांची अथवा केवळ पुरुषांची, दिवंगताची प्रतिमा केव्हा झाकावी, असे त्यांचे कडक संकेत आहेत. संग्रहाची रचनाच या संकेतांनुसार व्हावी, या आग्रहातून किम क्रिस्टन या अभ्यासक स्त्रीच्या सहकार्याने ‘मुकुर्तू’ हा संग्रह २००७ मध्ये सिद्ध झाला. मुकुर्तू म्हणजे पवित्र वस्तू ठेवण्याची पिशवी. तीतील वस्तू पाहावयाची तर वडीलधाऱ्यांकडे जावे लागे. पुढे त्यातूनच विनामूल्य संगणक-प्रणाली विकसित झाली. पासामाक्वॉडी समाजाने आपला ज्ञानसंग्रह तिच्याच आधारे उभारला आहे.

भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकांना हा विषय परका नाही. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात उधळ्या पुत्राचा दृष्टांत हा प्रमाण-पाठ म्हणून ठिकठिकाणच्या भाषांत उतरवून घेतला गेला. सर्वेक्षणाशी निगडित ग्रामोफोन मुद्रणे आज संगणकावर ऐकता येतात. भाषांच्या तुलनेसाठी ती अमोल आहेत; परंतु त्या दृष्टांताची निवड बोलणाऱ्यांची नव्हती. याउलट हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्यातून उभारलेल्या जात्यावरील ओव्यांच्या संग्रहात महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या आल्या. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने त्या क्रमाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गावही आले. ‘अनामिक लोकप्रतिभा’ या सोयीस्कर शब्दाला यामुळे धक्का बसतो. जाते थांबले, पण ओवी कोणाची हे आता सांगता येते.

अशा निर्बंधांमुळे संशोधनाचे स्वातंत्र्य संकोचते, असा आक्षेप घेतला जाईल. तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु गीत कोणी, केव्हा, कोणासमोर म्हणावे हा नियम संहितेबाहेरचा अडसर नसून तिच्या अर्थाचाच भाग आहे. तो गाळून मिळालेली संहिता अभ्यासाच्या दृष्टीनेही अपुरीच ठरते. अर्थात संगणकीय संग्रह हा परंपरेचा पर्याय नव्हे. शिकवणारा आणि शिकणारा नसेल, तर तो संग्रहही मेणाच्या सिलिंडरइतकाच मूक राहील.

विद्यापीठांतील भाषाविभागांनी म्हणून आदिवासी गीत-कथांचे मुद्रण करताना प्रत्येक नोंदीत किमान तीन रकाने ठेवावेत : हे कोणी दिले, कोणत्या प्रसंगाचे आहे, आणि कोणापर्यंत जाण्यास देणाऱ्याची संमती आहे. हे रकाने भरण्यासाठी देणाऱ्याकडे पुन्हा जावे लागेल. तो पुन्हा जाण्याचा रस्ता खुला राहणे, हेच संग्रहाचे पहिले प्रयोजन मानले पाहिजे.