अभ्यासपाठ : उजाड रान पुन्हा कसे उभे राहते?



पावसाळा लागला की शाळांत, कार्यालयांत आणि चर्चच्या आवारातही झाडे लावली जातात. उपक्रम चांगलाच आहे. परंतु त्यांतील किती रोपे पुढचा उन्हाळा पाहतात, हे आपण सर्वजण जाणतो. म्हणून या पाठात आपण एक साधा प्रश्न समजून घेऊ : एकदा बोडके झालेले रान पुन्हा उभे राहते ते कशामुळे?

१. रान गेले कसे?

आपल्या खानदेशच्या उत्तरेला सातपुडा आणि पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा आहेत. साग, अंजन, धावडा, खैर, सालई, तेंदू ही येथली झाडे. १८४० च्या दशकात इंग्रज सरकारने साक्रीला लागून असलेल्या डांगच्या भिल्ल राजांशी सागवान तोडण्याचे करार केले. १८६० च्या दशकात रेल्वे भुसावळमार्गे पुढे गेली. रुळांखालच्या स्लीपरांना लाकूड हवे होते, जळणालाही हवे होते. घरापुरती होणारी तोड आता व्यापाराची झाली. स्वातंत्र्यानंतर ठेकेदारांची तोड, चोरटी तोड, वाढती वस्ती आणि मोकाट चराई यांनी उरलेले रानही विरळ केले. तेव्हा सारा दोष आदिवासींच्या कुऱ्हाडीवर टाकणे न्यायाचे नाही.

झाड गेले की पावसाचा मारा थेट मातीवर होतो. माती वाहून जाते, खालचा काळा पाषाण उघडा पडतो आणि पाणी मुरत नाही. मग विहिरी लवकर आटतात, आणि हंडा घेऊन दूर जावे लागते ते बहुधा आपल्या आयाबहिणींनाच.

२. बारीपाड्याचा अनुभव

धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, गुजरातच्या सीमेजवळ बारीपाडा हा कोकणा आदिवासींचा लहानसा पाडा आहे. १९९० च्या सुमारास भोवतालचे जंगल जवळजवळ संपले होते व पाण्याचे हाल होते. वाणिज्य शाखेचे शिक्षण घेऊनही गावातच राहिलेले श्री. चैत्राम पवार यांनी लोकांना एकत्र केले. वनवासी कल्याण आश्रमाच्या कार्यकर्त्यांचे साहाय्य मिळाले. ग्रामस्थांनी आपली वनसमिती केली आणि नियम ठरविले : कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, तोडणाऱ्याला दंड, खबर देणाऱ्याला बक्षीस. राखणदारही गावानेच नेमले. उतारावर समतल चर खोदले आणि ओहोळांत दगडांचे लहान लहान बांध घातले.

येथे क्रम लक्षात घ्यावा. आधी तोड थांबली, मग पाणी अडले, आणि रान बरेचसे आपोआप आले. याचे कारण जमिनीखाली आहे. साग, धावडा, पळस अशा झाडांचा बुंधा तोडला तरी मुळे पुष्कळ वर्षे जिवंत राहतात. दर पावसाळ्यात त्यांना फुटवे येतात. पण शेळीचे तोंड आणि विळा त्यांना वाढू देत नाहीत. चार-पाच वर्षे हा त्रास थांबला की तेच फुटवे झाड होतात. पालापाचोळा साचतो, माती धरली जाते, पाणी मुरते. आज बारीपाड्याचे राखलेले रान सुमारे ४४५ हेक्टर आहे. तेथे २००४ पासून रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. श्री. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

धुळे तालुक्यातील लामकानी गावानेही डॉ. धनंजय नेवाडकर यांच्या पुढाकाराने डोंगरावर चराईबंदी पाळली. तेथे आधी आले ते गवत. कमी पावसाच्या माळाचे खरे आरोग्य पुष्कळदा गवतातच असते; प्रत्येक माळावर दाट झाडी लावणे हा उपाय नव्हे.

३. दूरच्या उत्तरेतही हाच धडा

हीच गोष्ट जगाच्या अगदी वेगळ्या, थंड भागातही दिसते. कॅनडा, फिनलंड, रशिया या देशांत ‘पीट’ नावाची पाणथळ जमीन आहे. पाण्यात बुडालेले शेवाळ व वनस्पती पूर्ण न कुजता थरावर थर साचतात. एक मीटर थर साचायला साधारण हजार वर्षे लागतात. जगाच्या जमिनीपैकी अवघा ३ टक्के भाग असा आहे, तरी जगातील सर्व जंगलांच्या झाडांपेक्षा अधिक कार्बन त्यात साठला आहे. ही जमीन चर खणून कोरडी केली की तो कार्बन हवेत जातो आणि पृथ्वी अधिक तापते.

फिनलंडने लाकडासाठी झाडे वाढावीत म्हणून आपली जवळजवळ निम्मी पाणथळ जमीन कोरडी केली होती. आता काही ठिकाणी तेच चर बुजविले जात आहेत, आणि लावलेली झाडे काढलीही जात आहेत! कॅनडात पीट खणून नेलेल्या जागी चर बंद करतात, जवळच्या चांगल्या जागेतील शेवाळ पातळ पसरतात आणि ओल राहावी म्हणून वर पेंढा टाकतात. म्हणजे तेथेही केवळ लागवड पुरत नाही; इजा थांबवावी लागते आणि पाणीही अडवावे लागते.

४. किंमत कोण देतो?

विश्रांतीचा हा नियम आपल्याला नवा नाही. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवण्यास सांगितले आहे. मात्र त्याच अध्यायात हेही आहे की, त्या वर्षी जे आपोआप उगवेल त्यावर मालकाबरोबर मजुराचा, परक्याचा आणि जनावरांचाही हक्क आहे. जमिनीला विश्रांती द्यावी, पण गरिबाला उपाशी ठेवून नव्हे. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या पत्रात पृथ्वीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्यास सांगितले.

चराईबंदीचा पहिला भार ज्याच्याजवळ चार शेळ्यांखेरीज काही नाही त्याच्यावर पडतो. मुरलेले पाणी मात्र खालच्या गावांना व शहरांना मिळते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना सामूहिक वन राखण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क बजावणाऱ्यांना चारा, जळण व रोजगार मिळावा, ही आपणा शहरवासीयांचीही जबाबदारी आहे.

चर्चेसाठी प्रश्न :
(१) आपण गेल्या पावसाळ्यात लावलेल्या झाडांपैकी किती जगली? राखण कोणी केली?
(२) आपल्या मूळ गावी राखता येईल असे गायरान किंवा टेकडी आहे काय? तेथे इजा कशाने होते?
(३) ती थांबविली तर कोणाचे नुकसान होईल, आणि ते आपण कसे भरून देऊ?